डॉल्फिन पाणी कुठलं पितो?

राखाडी पाठ पाण्यावर आली तसे दापोलीच्या त्या बोटीतले सगळे मोबाइल उंचावले. आमची लातूरची आत्या मात्र नावाड्याला विचारत होती, "दादा, हे तर समदं खारं. मग ह्यो पितो काय?"

"आजी, त्याला कुठली तहान!" बोटभर हशा.

मला नाही हसू आलं. प्रश्न खराच होता. डॉल्फिन मासा नाही, आपल्यासारखाच सस्तन प्राणी; श्वास घ्यायलाच तर वर येतो. त्याला लागणारं बहुतेक पाणी खाल्लेल्या मासळीतून मिळतं, थोडं चरबी पचताना अंगातच तयार होतं. जास्तीचं मीठ मूत्रपिंडं बाहेर टाकतात.

परतीच्या गाडीत आत्याला हे सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "मंजे टँकरची वाट बघायची कटकट नाही त्याला. बरंय."

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ही बाई घागरी घेऊन रांगेत होती. (हसणाऱ्यांत आमच्याच घरातली दोघं होती, ती नळाच्या पाण्यानं गाडी धुतात!)

तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी समुद्र बघून पहिलं काय विचारलं होतं?