एनएफएल आणि हिशेबात न येणारे धक्के

अमेरिकन फुटबॉल आता संपणार, असं गेली पंधरा वर्षं कोणी ना कोणी म्हणतंच आहे. या खेळाची व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलच्या तिजोरीकडे पाहिलं तर तसं वाटत नाही. 2021मध्ये झालेले प्रक्षेपणाचे करार 2033च्या हंगामापर्यंत चालतात आणि त्यांची एकूण रक्कम 100 अब्ज डॉलरच्या वर आहे. घोर पैशाचा नाही, डोक्यांचा आहे.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही. ते काम ते चोख करतं. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं अचानक थांबलं किंवा झटक्यात वळलं की आतला मेंदू हलत राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की काहींच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचू लागतं. हाच सीटीई नावाचा मेंदूचा आजार. पिट्सबर्ग संघाचा सेंटर (पुढच्या फळीच्या मधोमध खेळणारा) माइक वेबस्टर 2002मध्ये गेला आणि डॉ. बेनेट ओमालूंना त्याच्या मेंदूत तो आढळला. बोस्टन विद्यापीठात तपासलेल्या 376 माजी एनएफएल खेळाडूंपैकी 345 जणांत सीटीई निघाला. मात्र दान आलेले मेंदू बहुधा त्रास दिसलेल्यांचेच असतात, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावणं चूक आहे. जिवंतपणी पक्कं निदान अजून होत नाही.

लीगने सर्वात धाडसी बदल केला तो किकऑफमध्ये, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून खेळ सुरू करण्याच्या पद्धतीत. पूर्वी दोन्ही बाजूंचे खेळाडू लांबून भरधाव धावत येऊन एकमेकांवर आदळायचे. 2024पासून किक मारणारा आपल्या बाजूच्या 35 यार्डच्या रेषेवर एकटा उभा राहतो आणि त्याचे दहा साथीदार थेट समोरच्या संघाच्या 40 यार्डवर. त्यांच्यासमोर, 35 ते 30 यार्डच्या पट्ट्यात, प्रतिस्पर्ध्यांचे किमान नऊ जण. चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याच्या हाताला लागेपर्यंत यांतल्या कोणीही हलायचं नाही. धावायला अंतरच उरलं नाही, म्हणून वेगही उरला नाही. पहिल्या वर्षी एक खोट राहिली: चेंडू थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) मारला तर समोरच्याला त्याच्या 30 यार्डवरून सुरुवात मिळायची, आणि प्रशिक्षकांना तो सौदा परवडत होता. 2025मध्ये ती रेघ 35वर नेली, तेव्हा कुठे चेंडू खेळात ठेवणं भाग पडलं.

सराव आणि सामने मिळून 2024मध्ये मेंदूला मार बसल्याच्या 182 घटना नोंदल्या गेल्या. 2015पासूनचा हा सर्वात कमी आकडा. चांगलीच गोष्ट आहे. पण या आकड्यात येतो तो फक्त निदान झालेला मार.

लाइनमनचं, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूचं, काय? प्रत्येक स्नॅपला, म्हणजे दर चालीच्या सुरुवातीला, तो समोरच्याला भिडतो. एका सामन्यात साठेक स्नॅप, हंगामाच्या 17 सामन्यांत हजाराच्या आसपास. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, म्हणून नोंदही नाही. 2023मध्ये 631 मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सीटीईचा संबंध निदान झालेल्या दुखापतींच्या संख्येपेक्षा आयुष्यभर डोक्याने सोसलेल्या एकूण धक्क्यांशी जास्त दिसला. किकऑफ कितीही सुधारला तरी लाइनमनची ही बेरीज फारशी घटत नाही.

ती घटते सरावात. खेळाडू संघटनेसोबतच्या 2011च्या करारानंतर नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून फक्त 14 सराव करता येतात. हा नियम दिसायला रुक्ष, पण माझ्या मते गेल्या दोन दशकांतला सर्वात मोलाचा. हेल्मेटवर बसवायची गार्डियन कॅप 2022पासून सराव शिबिरात लाइनमनना सक्तीची झाली. 2024पासून सामन्यातही चालते, पण तिथे ऐच्छिक. मऊ आवरण धक्क्याचा जोर थोडा शोषून घेतं, मेंदूचं हलणं मात्र थांबवू शकत नाही.

खरी कसोटी शाळेच्या मैदानावर आहे. अकरा जणांचा फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या 2008-09मध्ये 11 लाखांच्या वर होती. आता ती 10 लाखांच्या आसपास आहे. विमा कंपन्याही डोक्याच्या दुखापतींची जोखीम घ्यायला कचरतात, आणि विमा नसेल तर शाळा मैदान उघडू शकत नाही. एनएफएलने फ्लॅग फुटबॉल उचलून धरला आहे तो यामुळेही. पाच-पाच खेळाडू, टॅकल (धरून पाडणं) नाही, कमरेची पट्टी ओढली की चाल संपली. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला तो ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटच्याच सोबत. टॅकल चौदाव्या वर्षानंतर शिकवा आणि तोवर फ्लॅग खेळू द्या, एवढं केलं तरी धक्क्यांची कित्येक वर्षं वाचतात.

आणि तरीही संघमालकांना हंगामात 18वा सामना हवा आहे. खेळाडू संघटनेसोबतचा सध्याचा करार 2030च्या हंगामापर्यंत आहे. लाइनमनच्या वाट्याला येणारे आणखी साठेक धक्के सरावातून आधी वजा करून दाखवा, ही अट संघटनेने वाटाघाटीत सर्वात वर ठेवायला हवी. मानधनाचा मुद्दा त्यानंतर.