कॉमेंट्रीचे कोटी कुणाला द्यावेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापूर भागातल्या कुस्तीच्या मैदानांत मी निवेदन करतो, त्यामुळे जाईल तिथं कुणी ना कुणी विचारतंच, "टीव्हीवरच्या कॉमेंटेटरना एवढे कोटी मिळतात, ते लायकीचे असतात का हो?"

डोळ्यांना न दिसणारं जो दाखवतो त्याला जरूर द्यावेत. नुसत्या नावाला देऊ नयेत, आणि आज नावालाच जास्त मिळतात. अमेरिकेत तिथल्या फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू टॉम ब्रेडी याच्याशी फॉक्स या टीव्ही कंपनीनं समालोचनासाठी १० वर्षांचा साडेसदतीस कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या, तेव्हा तो अजून खेळत होता. एकाही सामन्याचं समालोचन त्यानं केलेलं नव्हतं. आपल्याकडे आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढा पैसा ओतल्यावर चार मोठी नावं घेणं परवडतं. पण समालोचक आवडत नाही म्हणून भारत-पाकिस्तान मॅच बंद करणारा माणूस मी तरी बघितला नाही.

आता १ ऑगस्ट २०२४ आठवा. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल नेमबाजीच्या फायनलमध्ये. तालमीतली पोरं टीव्हीला चिकटलेली, पण नेमबाजीतलं कुणालाच काही कळत नव्हतं. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून गोळ्या झाडायच्या. सुरुवातीला तो सहावा होता, तेव्हाच पोरं म्हणाली, "गेलं." उभ्यानं नेम धरताना भलेभले डगमगतात, चाळीस गोळ्यांनंतर तळाचे दोघं बाद होतात आणि पुढं प्रत्येक गोळीला एक जण घरी जातो, हे त्या वेळी समजावणारा माणूस मला लाखमोलाचा वाटतो. ४५१.४ गुणांवर ब्राँझ आलं तेव्हा सगळे नाचले. तिसरा नंबर कुठल्या गोळीवर पक्का झाला, हे विचारलं तर त्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

कुस्तीचंही तसंच. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात मागच्या पायरीवरूनही पैलवान दिसतो, पकड दिसत नाही. घिस्सा डाव लागणार की नुसती ओढाताण चाललीय, ते वरच्या पैलवानाच्या हातावर असतं. तेवढं एक वाक्य हलगीच्या कडकडाटातून लोकांपर्यंत पोचवायचं आणि लगेच गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड. टीव्हीवर तर चित्र समोरच असतं, म्हणून तिथं ते आणखी अवघड. चेंडू सीमेपार गेल्यावर "चौकार!" म्हणून ओरडायला कोटी कशाला? गोलंदाजानं मनगट कसं वळवलं, क्षेत्ररक्षक दोन पावलं आत का आला, हे सांगा की.

माझ्या हातात असतं तर त्या कोटींतला वाटा मी मॅटवरच्या कुस्तीला दिला असता. तिथं पंचानं दोन गुण का दिले आणि चार का नाही, हे त्याच क्षणाला मराठीत सांगणारा जाणकार पगारावर बसवला असता.