फॅक्टर किती घेऊ?

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. गळीत सुरू असलं की दिवसातून कितीतरी वेळा बॉयलरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड पचवायची ताकद, काढतो. शंभर मिली पाणी, दोन थेंब मिथिल ऑरेंज, ब्युरेटमधून एन बाय फिफ्टी (हे ॲसिडच्या तीव्रतेचं माप) सल्फ्युरिक, पिवळ्याचं नारंगी झालं की रीडिंग. अल्कलिनिटी फार वाढली तर बॉयलरमध्ये फेस होतो आणि वाफेबरोबर पाणी निघतं, फार घसरली तर नळ्या गंजून खाल्ल्या जातात. एकवीस वर्षं हेच करतोय. झोपेतून उठवून सांगितलं तरी करेन.

घरी सांगलीत, विश्रामबागेत, हॉलच्या कोपऱ्यात माझा समुद्री टँक आहे. दगड-वाळू वजा जाता पाणी १३० लिटर. क्लाउनफिशची जोडी, मऊ प्रवाळाच्या तीन-चार वसाहती, आणि मागच्या काचेवर जांभळं कोरलाइन शेवाळ. (कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी 'देतो' म्हणालं तरी घेऊ नका.) या टँकलाही अल्कलिनिटी लागते. कोरलाइन आणि गोगलगायी पाण्यातलं बायकार्बोनेट उचलून आपलं चुनखडीचं घर बांधतात, शिवाय माशांच्या घाणीचं नायट्रेट होताना थोडी आणखी खर्ची पडते. समुद्रात ती साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) असते, मी ८ च्या आसपास धरतो. त्यासाठी दर दोन दिवसांनी एक ग्रॅम खायचा सोडा विरघळवून टाकतो. बस्स.

यंदा जानेवारीत परदेशी टेस्ट किटमधलं रिएजंट संपलं. नवं मागवलं, तर तीन आठवडे कुरिअर 'उद्या येतंय'. मग मनात आलं, अरे, आपण पगार कशाचा घेतो?

हिशेब सोपा आहे. टँकचं २८ मिली पाणी घ्या आणि एन बाय टेन हायड्रोक्लोरिक वापरा. १ मिली ॲसिड म्हणजे बरोबर १० डीकेएच. आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी यू-४० इन्सुलिन सिरिंज एक मिलीची, तिच्यावर ४० रेघा. म्हणजे एक रेघ पाव डीकेएच. ब्युरेट नको, स्टँड नको. २८ मिली मी दहाच्या सिरिंजने १०, १० आणि ८ असं घेतो. सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर तो ॲसिड म्हणून मोजला जातो, तेवढं सांभाळायचं.

इंडिकेटरला, म्हणजे रंग बदलून 'थांबा' सांगणाऱ्या द्रव्याला, मात्र वेळ लागला. कारखान्यातलं मिथिल ऑरेंज घरच्या ट्यूबलाइटखाली वापरलं, तर पिवळं कधी संपलं आणि नारंगी कधी लागलं ते कळेना. पोरगा म्हणे झालं, मी म्हणे नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हळद टाक की. सोडा लागला की लाल होतीया." मार्केट यार्डात नवी हळद यायचे दिवस, घरात सगळीकडे वास. आईचं रसायनशास्त्र पक्कं आहे, हळदीचं कुंकू चुन्यानेच होतं. पण हळद लालाची पिवळी होते ती आठ पीएचच्या आसपास, आणि टँकचं पाणीच मुळात ८.२ ला. ॲसिडचे दोन थेंब पडताच तिचं काम संपतं. आपल्याला थांबायचंय साडेचारच्या जवळ. शेवटी मिरजेतल्या लॅब केमिकलच्या दुकानातून ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथिल रेड आणलं. पहिलं १०० मिलिग्रॅम, दुसरं २०, दोन्ही मिळून १०० मिली अल्कोहोलमध्ये. हा रंग बघण्यासारखा असतो. आधी निळसर हिरवा, मग राखाडी, आणि एका थेंबात गुलाबी. राखाडीला घाई करायची नाही. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की गुलाबी परत राखाडी होतो, म्हणून अर्धा मिनिट हलवून मगच रेघ वाचायची.

राहिलं ॲसिड. एका मित्राचा क्लास बंद झाला तेव्हा प्रॅक्टिकलच्या सामानातली अर्धी बाटली कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक त्याने मला दिली होती. ती वर्षभर बाल्कनीत होती. शेजारची पक्कड आणि ग्रिलचा तेवढाच भाग तांबूस झालेला मी रोज बघत होतो. पुस्तकी प्रमाण लिटरला ८.३ मिली, म्हणून २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात २.१ मिली सोडलं. आधी पाणी, मग ॲसिड, पाठ वाऱ्याकडे. बाटलीवर 'एन बाय टेन' लिहून मोकळा झालो.

पहिलं रीडिंग ३७ रेघा. म्हणजे सव्वानऊ. किटवर तर आठच दिसत होतं. मी काय निष्कर्ष काढावा? किट जुनं होतं, खोटं बोलत होतं. माझं रिएजंट ताजं, आणि मी एकवीस वर्षांचा केमिस्ट. सोडा बंद केला. आठवर उतरला की परत सुरू करू म्हटलं.

बाराव्या दिवशी ३० रेघा, साडेसात. काचेवर जांभळे नवे ठिपके यायचे थांबले होते, ते मी थंडीवर ढकललं.

त्याच आठवड्यात रात्रपाळीला आमच्याकडे नवीन लागलेला पोरगा बॉयलरचं पाणी तपासत होता. ब्युरेट वाचून त्याने सहज विचारलं, "साहेब, फॅक्टर किती घेऊ?"

फॅक्टर म्हणजे ॲसिडची खरी तीव्रता बाटलीवर लिहिलेल्या तीव्रतेच्या किती पट, तो आकडा. रीडिंगला त्याने गुणायचं. मी उत्तर दिलं. आणि मग चहा तसाच टेबलावर राहिला. कारखान्यात ॲसिडची नवी बाटली केली की स्टँडर्डाइझ केल्याशिवाय, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी ताडून फॅक्टर काढल्याशिवाय, कोणाला हात लावू देत नाही मी. घरी मात्र कोणत्या जमान्यातल्या, झाकण सैल असलेल्या बाटलीवर विश्वास ठेवून बसलो. वर्षभर वायू उडत होता, ॲसिड सौम्य होत होतं, पक्कड ते ओरडून सांगत होती.

तपासायला काय लागतं? सोडाच. लिटरला ०.३०० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट म्हणजे १० डीकेएच. एवढंसं वजन घरच्या काट्यावर येत नाही, म्हणून ३ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवायचं आणि त्यातलं १०० मिली घेऊन परत लिटर करायचं. सोडा नवं पाकीट फोडूनच. बेकिंग पावडर नव्हे, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं. तरी ते ३ ग्रॅम तरी नीट हवेत. सराफ कट्ट्यावर ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो.

"तीन ग्रॅम मोजून द्या की."

"सोनं का चांदी?"

"सोडा."

त्यांनी चष्मा खाली करून माझ्याकडं बघितलं. मग बटर पेपर टाकून काटा शून्य केला आणि चिमटीचिमटीने ३.००० आणून दिलं. वर म्हणाले, "घडणावळ घेत नाही ओ. भजी केली तर मात्र आणून द्या."

घरी येऊन २८ मिली घेतलं. चाळीस रेघांना गुलाबी यायला हवं होतं. अख्खी सिरिंज संपली, रंग हिरवाच. परत भरली. सत्तेचाळिसाव्या रेघेला गुलाबी आलं. ४० भागिले ४७, फॅक्टर ०.८५. म्हणजे माझा सव्वानऊ होता ७.९, किट बरोबरच होतं. आणि साडेसात होता ६.४.

पाण्याला ४ ग्रॅमच्या आत सोडा घातला तर माझ्या टँकमध्ये एक डीकेएच वाढतो. दीड ग्रॅम रोज असे चार दिवस घालून आठवर आणलं. एकदम घातलं असतं तर प्रवाळांनी तोंडं मिटली असती.

जुनी ॲसिडची बाटली भरपूर पाण्यात, सोडा घालून, फसफस पूर्ण थांबेपर्यंत निष्प्रभ केली. नवीन ॲसिडच्या एन बाय टेनचा फॅक्टर ०.९८ आला. बाटलीवर फॅक्टर, तारीख, आणि त्याखाली बायकोच्या अक्षरात 'हे गुलाबपाणी नाही'. काकांना शनिवारी कांदाभजी दिली. त्यात सोडा आहे का, असं त्यांनी विचारलंच.