जीआरईचा सराव: कागद, स्क्रीन आणि मधली गळती

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची, संगणकावर द्यायची परीक्षा. तिच्या सरावात कागदावर बरोबर येणारी गणितं स्क्रीनवर चुकायला लागली, तेव्हा मी आधी सूत्रांची उजळणी काढली. वेळ फुकट गेला. मग चुकांची वही केली आणि प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहिला: वाचताना, उतरवताना किंवा हिशेबात. स्क्रीनवरच्या टेस्टमध्ये ‘उतरवताना’ सगळ्यात जास्त वेळा आलं. समोर 3x − 7 आणि रफ कागदावर 3x + 7.

पुस्तकात त्रिकोण छापलेला असतो, कोन त्यावरच लिहिता येतात. उताऱ्यातल्या ‘परंतु’ला गोल करता येतो, चुकीचे पर्याय खोडता येतात. स्क्रीनवर यातलं काहीच होत नाही. आकृती पुन्हा काढावी लागते, आणि ती काढताना एखादी बाजू किंवा काटकोनाची खूण राहून जाते. म्हणून नवा विषय शिकताना मी कागदच वापरला, पण तेव्हाही पुस्तकावर पेन टेकवायचा नाही असा नियम केला. सगळं काम शेजारच्या कोऱ्या कागदावर. ही एक सवय लागली की स्क्रीनवर जाणं निम्मं सोपं होतं.

रफ कागदाची सोपी युक्ती अशी: ए-फोर कागद चार वेळा अर्धा दुमडला की 16 चौकोन मिळतात. चौकोनाला प्रश्नाचा क्रमांक द्यायचा, खाली उरलेले पर्याय लिहून बाद झालेला तिथेच खोडायचा. प्रश्न मार्क करून पुढे गेलात, तर परत आल्यावर अर्धं काम तिथेच सापडतं. प्रत्यक्ष परीक्षेत दुमडत बसू नका, हाताने रेघा मारा.

सप्टेंबर 2023 पासून परीक्षा 1 तास 58 मिनिटांची झाली आहे: निबंधाला 30 मिनिटं, व्हर्बलचे (भाषेचे) 12 प्रश्न 18 मिनिटांत आणि 15 प्रश्न 23 मिनिटांत, क्वांटचे (गणिताचे) 12 प्रश्न 21 मिनिटांत आणि 15 प्रश्न 26 मिनिटांत. जुन्या पुस्तकांत 20-20 प्रश्नांचे विभाग आहेत, पण तेवढ्यासाठी ती टाकून देऊ नका. क्वांटचे 20 प्रश्न 35 मिनिटांत म्हणजे प्रश्नाला 105 सेकंद, आणि आताचे 12 प्रश्न 21 मिनिटांतही तेवढेच. पहिले 12 घ्या, 21 मिनिटांचा गजर लावा.

कागदावरच्या टेस्टचा स्कोअर मात्र मनावर घेऊ नये. खऱ्या परीक्षेत पहिला विभाग कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. छापील टेस्टमध्ये ती आधीच ठरलेली. खऱ्या स्कोअरच्या अंदाजासाठी पॉवरप्रेपच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच, दोन मोफत ऑनलाइन टेस्ट आहेत. त्या सुरुवातीलाच संपवू नका. एक तयारीच्या मध्यावर, दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधी, दोन्ही न थांबता, कारण खऱ्या परीक्षेत ठरलेली विश्रांती नाही.

कॅल्क्युलेटर परीक्षेत मिळणारा, स्क्रीनवरचाच वापरून पाहा. तो पदावलीचा क्रम पाळतो: 1 + 2 × 4 दाबलं की 9 देतो, बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर 12 येतात. आकडे आठच मावतात, उत्तर त्याहून मोठं झालं की एरर. माउसने एकेक कळ दाबण्यापेक्षा 15 × 12 तोंडी लवकर होतं. वाचताना आणखी एक चूक फार होते: पर्यायापुढे गोल असेल तर एकच उत्तर, चौकोन असेल तर एक किंवा अधिक. चौकोनाच्या प्रश्नात एक बरोबर पर्याय सुटला तरी गुण शून्य. पुस्तकात हे चिन्ह नजरेआड होतं, कारण सूचना वर छापलेली असते.

निबंध हाताने लिहून सराव करण्यात अर्थ नाही. परीक्षेत तो टाइप करायचा असतो, आणि तिथे स्पेलचेक नाही. कट, पेस्ट, अनडू एवढंच. साध्या नोटपॅडवर टाइप करा आणि शेवटची तीन मिनिटं फक्त वाचायला ठेवा.

घरून परीक्षा देणार असाल तर साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक कव्हरमधला कागद, आणि पुसता येणारा मार्कर. मार्करचं अक्षर जाड येतं, 16 चौकोन मावत नाहीत. सहा-आठ करून पुसत जावं लागतं, आणि पुसताना मार्क केलेल्या प्रश्नाचं काम हमखास जातं. त्यासाठी मी बोर्डाचा उजवा कोपरा राखून ठेवायचो, तिथलं शेवटपर्यंत पुसायचं नाही. शेवटच्या दोन आठवड्यांतला सगळा सराव बोर्डावरच केला.