11 जुलै, रात्री: कूलर, मेंढ्या आणि हुकलेली सकाळ

पहाटे साडेचारचा गजर झाला, बंद केला, परत झोपले आणि तिथेच आजचा दिवस गेला. बोरेगो स्प्रिंग्जला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या आमच्या गावात, जुलैत बाहेर पडायचं तर पाच ते सात, त्यानंतर नाही, हे मला चांगलं माहितीये. पण दोन दिवस घरात बसून जीव आंबला होता म्हणून साडेसातला निघालेच, म्हटलं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. अर्ध्या तासात परत, डोकं गरगरतंय, घशाला कोरड. आल्या आल्या लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दोन ग्लास प्यायले आणि फरशीवर आडवी झाले. पालो व्हर्दे नावाचं झाड आहे इथे, दिसायला छान, पण सावली म्हणजे चाळणीतून पडल्यासारखी. तिच्या भरवशावर कोणी चालू नये.

आईचा फोन आला, किती आहे तुमच्याकडे? मी म्हटलं शेहेचाळीस. "मग अकोल्यातच राह्यली असती ना!" हे ती दर उन्हाळ्यात म्हणते आणि दर वेळी मला हसू येतं. पण खरं सांगू, आकड्याचं मला काही वाटत नाही. अकोल्यात मेमध्ये यापेक्षा वेगळं काय असतं? फरक एवढाच की तिकडे उन्हाळ्याला शेवट असतो. मिरगाचा पाऊस येणार हे ठरलेलं, उशिरा का होईना, आणि तोवर सगळं गाव एकत्र कण्हत असतं. इथे मिरग नाही. मेपासून जे चालू होतं ते ऑक्टोबरपर्यंत, आणि वर्षभराचा पाऊस पाच-सहा इंच, म्हणजे आपल्याकडची एखादी चांगली झड.

एक गंमत लिहायची राहिलीये. अकोल्यात आपण ज्याला डेझर्ट कूलर म्हणतो ना, तोच अख्खा पत्र्याचा डबा, पंपासकट, इथे खऱ्या डेझर्टात आहे आणि याला म्हणतात स्वॅम्प कूलर! म्हणजे दलदलीचा कूलर. आम्ही वाळवंटाचं नाव घेतलं, यांनी दलदलीचं, ज्याच्याकडे जे नाही ते. मे-जूनमध्ये मस्त चालतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडनं दमट हवा येते (तिला इकडेही मॉन्सूनच म्हणतात) आणि मग खोलीत नुसता चिकचिकाट, अंथरूण ओलसर. अगदी आपल्या जुलैसारखा. मग झक मारत एसी लावायचा आणि बिल आलं की नवऱ्याने माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघायचं. तो सोलरच्या कामावर आहे, त्याच्याच नोकरीपायी आलोय इथे.

गाव म्हणजे जेमतेम 3 हजार वस्ती, चारी बाजूंनी आन्झा-बोरेगो स्टेट पार्क, 6 लाख एकरांच्या वर. गावात एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, मधोमध एक मोठं सर्कल आहे तेवढंच. थंडीत पर्यटक, तंबूवाले, गाडीतच घर घेऊन फिरणारे, फुलांचं वर्ष असलं तर पार्किंगला जागा नाही. 350 फुटी लोखंडी नाग आहे एक, रस्त्याच्या अलीकडे डोकं आणि पलीकडे शेपूट, त्याच्यापुढे फोटोला रांग. आणि आता? अर्ध्या गावाला कुलूप. हिवाळ्यापुरते येणारे मेमध्येच गेले, काही हॉटेलं बंद. वाणसामानाचं छोटं दुकान आहे, पण तूरडाळ आणि हिंग हवं तर सॅन दिएगो, पावणेदोन-दोन तास. मोठं हॉस्पिटल गावात नाही. मला गरमीपेक्षा या रिकामेपणाचं जास्त होतं, संध्याकाळी पाचला खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

म्हणून पलीकडच्या आजींचं मला फार अप्रूप. सत्तरी ओलांडलीये आणि मागच्या आठवड्यात तीन दिवस मेंढ्या मोजून आल्या! 1971 पासून चालू आहे ही मोजणी, चार जुलैच्या आसपास, मुद्दाम ऐन उन्हाळ्यात, कारण तेव्हाच त्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या डोंगर सोडून पाणवठ्यावर येतात. बोरेगो या शब्दाचा अर्थच मेंढा. माणसांनी खडकाच्या सावलीत दुर्बीण घेऊन बसून राहायचं. विचारलं किती दिसल्या, तर म्हणे पहिल्या दिवशी एकही नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी एक मादी आणि पिल्लू, पिल्लू आधी प्यायलं. एवढंच सांगितलं आणि आपल्या कामाला लागल्या.

मला पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच कंगवा दिला होता. मला वाटलं केस बघून दिला की काय! तो चोया निवडुंगासाठी. त्याचा काटेरी तुकडा नुसता घासून गेलात तरी चिकटतो, हाताने काढायला गेलं की हातात घुसतो. कंगव्याचे दात खाली सरकवायचे आणि एका झटक्यात उडवायचा. पाम कॅन्यनच्या, म्हणजे इथल्या डोंगरातल्या ताडांच्या घळीच्या, वाटेवर भाच्याच्या पोटरीला लागला तेव्हा असाच काढला, तो रडायच्या ऐवजी तुकडा कुठे जाऊन पडला ते शोधत बसला.

पाण्याचं मात्र मनातून जात नाही. इथे नदी नाही, कालवा नाही, सगळं गाव जमिनीखालच्या पाण्यावर. वर्षानुवर्षं लिंबू-ग्रेपफ्रूटच्या बागांनी आणि गोल्फ कोर्सनी मुरतं त्याच्या कितीतरी पट उपसलं, आता 2040 पर्यंत उपसा साधारण 75 टक्के कमी करायचाय. तीनचतुर्थांश! गावाबाहेर वाळलेली बाग दिसते, झाडं रांगेत तशीच उभी, पानं नाहीत. आणि वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्यात, उभं राहू नका अशी ताकीदही इथेच, कारण 2004च्या सप्टेंबरात पाम कॅन्यनला असा लोंढा आला की ताडाची झाडं मुळासकट आली आणि कॅम्पग्राउंडची वाट लागली. पाणी नाही म्हणून रडायचं आणि आलं की पळायचं.

आत्ता साडेनऊ. अंगणात खाट टाकलीये, अकोल्याला गच्चीवर टाकायचो तशी, चादर भिजवून. तेहेतीस असेल अजून. पण दिवे नाहीत ना कुठे, 2009 पासून हे अंधार जपणारं गाव म्हणून जाहीर आहे, घराबाहेरचा दिवासुद्धा खाली तोंड करून लावायचा. आकाशगंगा पार डोंगरापर्यंत उतरलेली. अकोल्यात लहानपणी दिसायची, नंतर कधी दिसेनाशी झाली ते कळलंच नाही.

चार बाटल्या फ्रीजरमध्ये टाकल्यात, गजर चार वीसचा लावलाय. फोन हातात आहे तोवर आईचा मेसेज, पाच दिवसांनी नळ आले, ड्रम भरते, नंतर बोलू.