तुम्ही विचारलंत म्हणून: पणजीला अल्तिनोच्या टेकडीवर आर्ट कॉलेज असताना मुंबईला कशाला?

लग्नात विचारतात, जत्रेत विचारतात, बँकेच्या रांगेतही विचारतात. "पणजीत आर्ट कॉलेज असताना तू जेजेला गेलीस? तिथे असं काय वेगळं शिकवलं?" 2023 मध्ये जेजेला, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून त्यात पालकांची भर पडली आहे. त्यांना मुलीला पाठवायचं असतं आणि माझ्याकडून हो किंवा नाही एवढंच हवं असतं. तेवढ्यात माझं उत्तर मावत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी तुमची बाजू, कारण ती भक्कम आहे. जायचा हट्ट धरला तेव्हा मी बाबांना गोव्याच्या चित्रकारांची नावं ऐकवली होती: त्रिंदाद गेले, सूझा गेले, लक्ष्मण पै गेले. पण गोव्यात कला महाविद्यालय सुरू झालं 1972 साली. त्याआधीच्या मुलांना बाहेर गेल्यावाचून मार्गच नव्हता, मला होता. शिवाय मडगावचे लक्ष्मण पै जेजेत शिकून, पॅरिसमध्ये दहा वर्षं राहून शेवटी अल्तिनोवर आले आणि 1977 पासून दहा वर्षं याच कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे बाहेर मिळवलेलं इथे आणून ठेवणारी माणसं होऊन गेली होती. हे बाबांना माहीत नव्हतं हे माझं नशीब.

तरीही मी गेले, आणि त्याचं कारण कॉलेजपेक्षा गावात होतं. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी पेंटराची नात. आजो उत्सवी नाटकांचे पडदे रंगवायचे: दरबार, जंगल, रस्ता. मादरपाटाला खळ द्यायची, वाळवायचं आणि सरस घातलेल्या पावडरच्या रंगांनी खाली जमिनीवर पसरून रंगवायचं. मी काहीही काढलं की लोक त्यात आज्याचा हात शोधायचे आणि तो त्यांना सापडायचाच. माझं वाईट चित्र वाईट म्हणणारं एकही माणूस गावात नव्हतं.

जेजेत ते पहिल्याच वर्षी भेटलं. लाइफच्या वर्गात समोर एक म्हातारी बसली होती, मी डाँकीवर, म्हणजे चित्र टेकवायच्या बाकड्यावर बसून कोळशाने तिचा चेहरा घोटत होते. सर मागे येऊन थांबले. त्यांनी तो चेहरा तळहाताने झाकला आणि विचारलं, "आता सांग, मान कशावर उभी आहे?" खांद्याचं हाड मी पाहिलंच नव्हतं. सुरकुत्या मात्र सगळ्या काढल्या होत्या. त्यांनी फडक्याने अख्खी मान पुसली आणि पुढच्या मुलाकडे गेले. मी कोणाची नात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला तेच हवं होतं, आणि ते गोव्यात मिळालं नसतं असं मी अजून म्हणते. अल्तिनोवरचे सर आज्याला ओळखत होते.

वर्ग सुटला की क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची लॉकवुड किपलिंगने केलेली शिल्पं मान वर करून बघायची, तिथून पायी जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत. फुकटात बघायला मिळणारं इतकं काही होतं की वर्ग बुडाला तरी दिवस बुडत नसे.

तेव्हाची मी हॉस्टेलवर सांगायचे, की गोव्यात बघण्यासारखं काही नाही. त्या मुलीशी मी आज भांडते. देवळांच्या भिंतींवरची कावी तिने लहानपणापासून पाहिलेली. चुन्यावर तांबडा थर देऊन तो खरवडायचा आणि खालच्या पांढऱ्यातून वेल, मोर उमटवायचे, ही रीत तिला घरात ऐकून माहीत. जेजेत शिकलेले आणि तिथेच शिकवलेले त्रिंदाद पणजीच्या फोंतान्हस भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या भिंतीवर टांगलेले आहेत, ते तिने मुंबईहून परतल्यावर पाहिले. पण ती भांडणात हार मानत नाही. तिचं म्हणणं, मान कशावर उभी असते हे कळल्यावरच मला त्रिंदादनी रंगवलेल्या बायकांचे खांदे दिसले. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता पडद्याचं. डिग्री घेऊन आले त्या वर्षी आज्याचा दरबाराचा पडदा घडीवर फाटला. नाटकवाल्यांनी मला नवा करायला सांगितलं. देवळाच्या अग्रशाळेत कापड पसरलं आणि पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहिले म्हणा ना. आज्याच्या पडद्यात दोन नजरा असायच्या: खांब समोरून पाहिलेले, जमीन वरून. कॉलेजात मी त्याला चूक म्हणायचे. काम करताना कळलं, की पुढे चटईवर बसलेली पोरं आणि मागे खुर्च्यांवरची मोठी माणसं दोघांनाही दरबार खोल वाटावा, म्हणून ते केलेलं आहे. मी तेच ठेवलं, फक्त खांबांवरचा उजेड एका बाजूने आणला, लाइफच्या वर्गात शिकले तसा. सिंहासनाच्या मागचा गडद भाग चार वेळा धुऊन काढला.

उत्सवाच्या संध्याकाळी रंगमंचावर गेले तर फ्लेक्स लागला होता. छापील राजवाडा, झगझगीत निळं आकाश. माझा पडदा बांबूला गुंडाळलेला, विंगेत उभा. समितीचे अध्यक्षबाब प्रेमाने जवळ आले. "तुजो पडदो सोबित जाला गो बाय. पूण तो एक्झिबिशनाक शोबता."

ते वाईट माणूस नाहीत. अपमान करायचाही नव्हता त्यांना, उलट मान देत होते. नाटक सुरू झालं, तीन अंक मी उभ्याने पाहिले. फ्लेक्सवर नटांच्या सावल्या पडत होत्या. आज्याच्या पडद्यावर पडायच्या तेव्हा त्या दरबारात मुरायच्या, इथे चिकटून राहत होत्या. बाजूला बसलेल्या काकी म्हणाल्या, केवढा उजेड दिसतो नाही यंदा!

म्हणून "काय वेगळं शिकलीस" या प्रश्नाने मी चिडते. त्या सावलीचा फरक मला दिसतो, आणि तो मी ज्यांच्यासाठी शिकले त्यांना तो नको आहे. अल्तिनोवर शिकले असते तर पडदा लागला असता का? कदाचित. गावात राहून येता-जाता दाखवत राहिले असते, लोकांची नजर सोबत सरकली असती. की तिथे शिकूनही फ्लेक्सच लागला असता, कारण तो स्वस्त पडतो आणि एका दिवसात येतो? रोज यातलं एक मला खरं वाटतं.

पालकांनो, हॉस्टेलचं आणि मुंबईच्या खर्चाचं आधी बघा, बाकीचं मुलीला ठरवू द्या.

यंदा नाटकवाले पुन्हा आले होते, जंगलाच्या पडद्यासाठी. मी सांगितलं: कापडाचे पैसे आधी, मजुरी आजो घ्यायचे तशी ठरवून, आणि फ्लेक्स मागवणार नाही हे समितीच्या वहीत लिहून. विचारून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.