कचऱ्याच्या गाडीचं सोंग

इकडे अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो: मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. मूल बोलायला लागेपर्यंत या सणाचा कारभार सोपा असतो. त्याला कसलं सोंग द्यायचं ते आईबाप ठरवतात, आणि आईबाप बहुतेक वेळा भोपळाच ठरवतात. केशरी गोल झबलं, डोक्यावर हिरव्या देठाची टोपी, की झालं. थोडे हौशी असले तर मधमाशी, आणि फारच हौशी असले तर बाळाला लाल लॉब्स्टर करून पातेल्यात बसवलेला फोटो. बाळ त्या पातेल्यात भोकाड पसरून रडत असतं, पण फोटो तोवर नाशिकला, डोंबिवलीला पोचलेला असतो आणि तिकडून 'आधी दृष्ट काढ गं' असे निरोपही आलेले असतात. त्या वयात हा सण मुलाचा नसतोच, फोनचा असतो.

मग एखाद्या वर्षी ते मूल तोंड उघडून सांगतं, मला हे नाही व्हायचं. खरी मजा तिथून सुरू होते.

२०२४ साली आमची कन्या सात वर्षांची होती आणि चिरंजीव चार. कन्येला उन्हाळ्याच्या सुट्टीत जलपरी व्हायचं होतं. शाळा सुरू झाल्यावर प्राण्यांची डॉक्टर. मग मैत्रीण डॉक्टर होणार असं कळल्यावर पुन्हा जलपरी, पण आता पंखवाली. दुकानांत ऑगस्टपासूनच सांगाडे टांगलेले असतात, त्यामुळे मुलांना मत बदलायला भरपूर वेळ मिळतो. तयार पोशाखाची किंमत बघितली की आपल्याला मात्र एकच गोष्ट आठवते: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. एका संध्याकाळपुरतं ते पातळ पॉलिएस्टर आणि त्याला चाळीस-पन्नास डॉलर! म्हणून इकडच्या मराठी आयांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ऑक्टोबर उजाडला की देवाणघेवाण सुरू होते. 'डायनासोर आहे, चार वर्षांच्या मुलाला होईल, एकदाच घातलाय, शेपूट किंचित उसवलंय.' हा डायनासोर आमच्या ओळखीच्या इतक्या घरांतून फिरलाय की शेपूट आता मुळात कुणी शिवलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्यात आम्ही राहतो मिनेसोटात, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गारठ्यात. इथे पोशाख निवडताना कोण व्हायचं याच्याइतकाच मोठा प्रश्न असतो तो जाकिटाचा. जाकीट आत की बाहेर? बाहेर घातलं तर आतली राजकन्या कुणाला दिसतच नाही. दारोदार नुसती जाकिटं फिरतात. आत घातलं तर पोशाख दोन साईझ मोठा घ्यावा लागतो, आणि राजकन्या कुस्तीच्या आखाड्यातून आल्यासारखी दिसते. तिसरा मार्ग नाही. इथल्या माणसांना याबद्दल तक्रार करून बघा, ते लगेच १९९१ काढतात. त्या वर्षी बरोबर ३१ ऑक्टोबरला बर्फाचं वादळ सुरू झालं आणि ते संपेपर्यंत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात २८.४ इंच बर्फ साचला. आमच्या शेजारचे आजोबा तेव्हा तरुण बाप होते. मुलांना घेऊन ते त्याही संध्याकाळी बाहेर पडले होते, आणि बर्फ दर वर्षी त्यांच्या बोलण्यात थोडा थोडा वाढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलगा गुडघ्यापर्यंत बुडाला होता, आता तो छातीपर्यंत बुडतो.

जलपरीचा प्रश्न असा हवामानानेच सोडवला. शेपटीत पाय बांधून बर्फाळ पायऱ्या चढता येत नाहीत, हे तिचं तिलाच पटलं. मग तिने स्वतःच्या काळ्या जाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी वटवाघूळ होते." मोडकी काळी छत्री घरात होतीच. तिच्या काड्या काढल्या, कापड मधोमध कापलं, दोन्ही अर्धे बाह्यांखाली टाचले. छत्रीच्या कडेला कमानी असतात ना, त्या वटवाघळाच्या पंखाला अगदी तशाच असतात. खर्च शून्य, आणि जाकीट हाच पोशाख. पोरीने आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

एका मैत्रिणीने मधेच सुचवलं होतं, 'अगं, परकर-पोलकं आहे ना तिचं? तेच घाल, इंडियन प्रिन्सेस!' मी नाही म्हटलं. परकर-पोलकं हे तिचे कपडे आहेत. ते ती दिवाळीत घालते, मंडळाच्या गणपतीत घालते, त्यावर वरणभात सांडते. आपल्याच कपड्यांना आपणच सोंग म्हणायला लागलो तर मग दुसऱ्या कुणी म्हटलं तर राग कुठल्या तोंडाने यायचा? मैत्रिणीला हे फारच मनाला लावून घेतल्यासारखं वाटलं. वाटो.

चिरंजिवांचं मत मात्र उन्हाळ्यापासून एकदाही हललं नव्हतं. त्याला कचऱ्याची गाडी व्हायचं होतं. गाडी चालवणारा नव्हे, गाडी. दर शुक्रवारी सकाळी आमच्या रस्त्यावर ती येते. तिच्या उजव्या अंगाला एक लोखंडी हात असतो. तो लांब होतो, कडेला ठेवलेला डबा पकडतो, उचलून डोक्यावर उलटा करतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. आमचं पोर तो सोहळा खिडकीच्या काचेला नाक लावून बघतं, आणि त्या वेळात त्याला बोर्नव्हिटासुद्धा चालत नाही. स्पायडरमॅन, डायनासोर, सगळं दाखवून झालं. त्याने शांतपणे सांगितलं, "त्यांना हात आहे. पण तसा नाही."

तेव्हा डायपरचा मोठा खोका माळ्यावरून उतरवला. तळ आणि झाकण कापलं, खांद्यावरून जायला जुन्या ओढणीचे दोन पट्टे लावले. हिरवा रंग दिला. तो एका हातात बसेना, खालची बाळाची चित्रं हसत वर येत राहिली, म्हणून दुसरा हात दिला. कागदी ताटल्या काळ्या करून चाकं. मागे पुठ्ठ्याचं दार, वर उघडणारं, कारण चॉकलेट आत पडायला हवं, आणि आत उशीचा अभ्रा टाचलेला. इथवर सगळं ठीक. पण उजवा हात? दोन दिवस त्याने दुसरं काही बोलू दिलं नाही. शेवटी माझ्या आईने स्वयंपाकघरातून पापड भाजायचा लांब चिमटा आणून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उघडला, मिटला, उघडला, मिटला, आणि मग आमच्या सगळ्यांवर प्रसन्न झाला.

आई तेव्हा चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आली होती. आल्या आल्या शेजारच्या अंगणातली सजावटीची खोटी थडगी बघून तिने आधी हातच जोडले. "ऐन दिवाळीच्या तोंडावर हे काय गं अभद्र?" पण चार-दोन दिवसांत तिचा सूर बदलला. कारण तिला त्यात शिमगा दिसला. तिच्या माहेरच्या गावात शिमग्याला संकासुर येतो: नखशिखांत काळा पोशाख, डोक्याला उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो आला की पोरं घरात पळतात, आणि तो पुढच्या दारी गेला की त्याच्याच मागे लागतात. सोंगं दारात नाचणार, घरचे त्यांना पोस्त म्हणजे बक्षिसी देणार, पोस्त कमी पडलं तर टोमणे ऐकणार. "मग हे तेच की," आई म्हणाली, "फक्त इथे ढोल नाही."

मला हे एकदम पटलं. हॅलोविनला आपण भुताखेतांचा सण म्हणून बघतो आणि तिथेच फसतो. आमच्यापासून जवळच अनोका नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची हॅलोविन राजधानी म्हणवतं. तिथे १९२० साली मिरवणूक सुरू झाली ती कुठल्या भक्तिभावाने नव्हे. गावातली कार्टी त्या रात्री लोकांच्या गायी सोडून मुख्य रस्त्यावर आणायची, खिडक्यांना साबण फासायची, परसातले संडास आडवे करायची. वैतागून थोरांनी ठरवलं की यांना मिरवायला लावा, म्हणजे दमून झोपतील. होळीला शेजाऱ्याचं लाकूड लंपास करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दारात येऊन खाऊ दे नाहीतर खोडी काढतो म्हणणं हे त्याच धमकीचं माणसाळलेलं रूप. आता धमकी देणारा तीन फुटी असतो आणि मागून त्याची आई कुजबुजते, "थँक यू म्हण."

आईची खरी तक्रार भोपळ्याबद्दल होती. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवत; ते लोक अमेरिकेत आले आणि त्यांना इथला भोपळा सापडला, कोरायला मऊ, आकाराने घसघशीत. जावयाने तसला एक आणला, वर झाकण कापलं आणि मुलं कोपरापर्यंत हात घालून आतला गर ओरबाडायला लागली. वर्तमानपत्रावर केशरी दोऱ्यांचा ढीग. आई बघत उभी. "एवढ्यात चाळीस घारगे झाले असते." मी तिला सांगून पाहिलं की कोरायचा भोपळा पाणचट असतो, चव नसते, घारग्यांना तो छोटा, गोडसर, इथल्या 'पाय' या गोड पदार्थासाठी विकतात तो घ्यावा लागतो. तिचा विश्वास बसला नाही. तिने त्या गराचे घारगे केलेच. पीठ सैल झालं, गूळ दुप्पट गेला, आणि ती म्हणाली, "चव नाही मेल्याला." बिया मात्र धुऊन, मीठ-तिखट लावून भाजल्या, त्या एका बैठकीत संपल्या. कोरलेला चेहरा दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवला, त्याचं नाक खारींनी दोन दिवसांत खाल्लं. मुलांच्या मते तो त्यामुळे जास्त भयंकर दिसत होता.

आणि त्या वर्षी योग असा आला की इथलं लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच. महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला होतं, त्यावरून आईची आणि तिच्या बहिणीची फोनवर बरीच चर्चा झाली, पण इथल्या देवळाने ३१ सांगितलं आणि आईने ते मानलं. त्यामुळे आमच्या दारात एकीकडे रांगोळी आणि पणत्या, दुसरीकडे नाक नसलेला भोपळा. २००७ पासून इकडची घड्याळं नोव्हेंबरात मागे जातात, त्यामुळे ऑक्टोबरअखेरीला उजेड थोडा लांबतो. तरी सहाच्या सुमारास सूर्य मावळलाच. दारावरचा दिवा लावलेला असला तर पोरांनी यायचं, नसला तर त्या घराला त्रास द्यायचा नाही, असा इथला अलिखित नियम. आमच्या दारात तर दिव्यांची रांगच होती. त्यामुळे सगळ्या गल्लीची पोरं आमच्याकडे वळली. लक्ष्मीच्या पावलांवर आधी एक मांजर आलं, मग दोन अंतराळवीर, मग जाकिटातली एक राजकन्या.

आई पाटावर बसून वाटप करत होती. एका पोराला एक चॉकलेट हे गणित तिला मान्य नव्हतं; ती ओंजळभर द्यायची आणि वर विचारायची, "कुणाचा रे तू?" मराठीतून. पोरं उत्तरंही द्यायची, काय विचारलं ते कळल्यासारखी. चकल्या द्यायच्या तिच्या मनात फार होत्या. इथे घरचं, उघडं काही देत नाहीत, आणि दिलं तरी आईबाप खाऊ देत नाहीत, हे तिला पटवणं घारग्यांहून अवघड गेलं. मग ॲलर्जीवाल्या मुलांसाठी लोक दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवतात, त्याचा अर्थ इथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर असलं काही मिळेल, हेही सांगितलं. शेंगदाण्याची ॲलर्जी हा प्रकार ऐकून ती बराच वेळ गप्प होती. "दाण्याचं कूट नाही? मग उपासाला काय खातात?"

आमची वरात निघाली तेव्हा कळलं की कचऱ्याच्या गाडीला घाई चालत नाही. प्रत्येक दारात ती आधी थांबणार, उजवा चिमटा पुढे करणार, समोरच्याने धरलेल्या परडीतून एकच चॉकलेट पकडणार, ते दोनदा खाली पडणार, तिसऱ्यांदा पाठीमागच्या दारातून आत जाणार. मागे भुतांची रांग. आणि परत फिरायचं ते वळून नव्हे, मागे-मागे, बीप बीप करत, पायऱ्यांवरूनसुद्धा. त्याचा बाप मागून ट्रॅफिक हवालदारासारखे हातवारे करत होता. वटवाघळाने तेवढ्या वेळात पुढची चार घरं उरकली आणि एका घरातून पूर्ण मापाचं स्निकर्स चॉकलेट मिळवलं, जे त्या जगात हापूसच्या पेटीइतकं मोलाचं असतं.

रात्री जमिनीवर चॉकलेटं पसरून सौदे झाले. नारळाचं कुणालाच नको होतं, ते आईने घेतलं. तिखट शेवेची एक वाटी देऊन वटवाघळाने बापाकडून त्याचा सगळा वाटा उकळला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी डबे बाहेर काढत होते, तर चिरंजीव झोपेच्या कपड्यांवर खोका चढवून, चिमटा घेऊन माझ्या आधी रस्त्याच्या कडेला उभे. गाडी आली. आमच्या दारापाशी येऊन ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबली. चालकाने काच खाली केली, खोक्याकडे नीट बघितलं, हसला, आणि तो लोखंडी हात रिकामाच लांब करून एकदा उघडला आणि मिटला. आमच्याकडून चिमटा उघडला आणि मिटला. मग डबा उचलला गेला, भोंगा वाजला, गाडी पुढच्या घरी गेली.

पोर घरात आलं ते निर्णय घेऊनच. पुढच्या वर्षी गाडी नाही, चालक. त्याला काय काय लागतं याची यादी त्याने बुटासकट सांगितली. मला तर आवडला हा विचार. खोका रंगवायला नको, आणि त्या चालकाचा पोशाख म्हणजे काय, तर एक भलंमोठं पिवळंधमक जाकीट.